दसरूचं वजन

मी अंगणवाडीची बाई. फाटक्या तोंडाची आहो, सारं गाव सांगते.

आमच्या कुरखेड्याकडं लेकरं लय अशक्त झाले तं अंगणवाडीतच तीस दिवसाचं केंद्र चालते. दिवसातून सहा खेपा खाऊ घालाचं. गावातल्याच बाया पाळीपाळीनं रांधतात. कोनी अंडे आनते, कोनी शेवग्याचा पाला. पन वजन लाल रेघेच्या खाली असन तरच लेकराचं नाव लागते.

मागच्या साली सोमारीचा दसरू रेघेच्या जरासा वर भरला. त्याच्या पायात पुजाऱ्यानं घातलेले लोखंडी कडे होते. ते काढले तं लेकराले बाहेरचं धरते, म्हून सोमारी हात लावू देत नोती. मी बी म्हनलं, जाऊ दे, कोन डोकं लावते! कड्यासंगटच वजन लिवलं. दसरूले केंद्र भेटलं नाई. पोळ्याच्या आधी गेला.

यंदा त्याची लहान बहीन निशा. तेच कडे पायात.

"काढ ते!" मी वरडली. "नाई काढले अन् पोरगीले काही झालं तं मले नोको सांगजो!"

सोमारीनं काढले. काटा लाल रेघेच्या खाली उतरला. निशाचं नाव लागलं, मले बरं वाटलं.

मंग निशाले वजनाच्या झोळीतून उचललं. झोळी रिकामी, पन काटा शून्यावर जाईना. उलटा पुढं सरकला. आठ किलो चारशे. वारा नोता, तरी झोळी हलून राह्यली होती. मी आत हात घातला. काहीच नोतं, पन कापड झोपल्या लेकराच्या पोटावानी वरखाली होत होतं.

"बसू द्या त्याले, बाई," सोमारी म्हनली. "मागच्या साली तुमी त्याले उपाशीच वापस धाडलं."

तिचं खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी निशाच्या बाजूले एक ताट जास्तीचं मांडू लागली. ताटाशी कोनी दिसे नाई, पन ताट रिकामं होये. रांधनाऱ्या बाया पाहत, अन् पुन्हा वाढत.

दर हप्त्याले वजन घ्यावं तं निशा वाढलेली. रिकाम्या झोळीचं बी वाढलेलं. साडेआठ. आठ सातशे. नऊ.

तिसाव्या दिवशी निशा रेघेच्या पार गेली. तो बी गेला. रेघेच्या पार गेलेलं लेकरू घरी जाते, असा नियमच आहे. सोमारीनं निशाले एका कडेवर घेतलं. मंग वाकून दुसऱ्या हातानं झोळीतून त्याले उचललं, अन् काटा शून्यावर आला. भारानं तिची कंबर लवली. दारात जाऊन ते थांबली.

"बाई, एवढंच खानं पायजे होतं काय त्याले?"

मले रडू आवरेना. मी हाव म्हनलं.