इटलीत शिकलेलं कालवण

माझी बायको दया गेल्याचं पत्र मला इटलीत मिळालं, तेही दोन महिन्यांनी. सासूबाईंनी, गोजरबाईंनी, ते त्यांच्या गावच्या, सोनईच्या, मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. शेवटी होतं, "कृपा माझ्यापाशी आहे. परत आल्यावर दुसरं लग्न करा, मग पोरगी न्या. ज्या घरात चूल पेटत नाही तिथं मी सात वर्षांची नात देणार नाही."

दुसरं लग्न मला करायचं नव्हतं. पोरगी मात्र हवी होती. म्हणून स्वयंपाक शिकायचं ठरवलं.

मी पलटणीत लॉरी चालवायचो. आम्हा चौघा ड्रायव्हरांना एका शेतकरी म्हातारीच्या घरी उतरवलं होतं. तिला आम्ही मम्मा म्हणायचो. एके दिवशी शेजारच्या रानात तोफगोळ्याने बैल मेला. सगळ्या गावाने मटण वाटून घेतलं, मम्माने मलाही एक वाटा दिला. आमच्या शिध्यात मोठ्याचं, म्हणजे गाईबैलाचं, मटण कधी यायचं नाही. दया उन्हाळ्यात त्याच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवायची. आम्ही त्यांना चान्या म्हणतो. निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायच्या. मीही पट्ट्या कापल्या, मीठ लावलं आणि अंगणात दोरी बांधली.

ऑक्टोबर होता. रोज धुकं आणि भुरभुर पाऊस. पाचव्या दिवशी वास सुटला.

आम्हा चौघांतला शमुवेल आमच्या नगरजवळच्या भिंगारचाच. नाक धरून म्हणाला, "आमोसभाऊ, दोरी झाली, पट्ट्या झाल्या. नगरचं ऊन तेवढं पार्सलानं मागवायचं राहिलं बघ."

"गप, न्हाईतर तुलाच टांगीन."

मम्माने सगळं उकिरड्यावर टाकलं आणि मला बरंच बोलली. भाषा कळली नाही, बोलणं कळलं. मग स्वतःच्या वाट्यातलं, तळघरात मिठात दाबून ठेवलेलं मटण काढून तिने मला बाहीला धरून चुलीपुढे बसवलं. कांदा, गाजर, मटण, मंद जाळ. वरून अर्धा गडू द्राक्षारस ओतला. द्राक्षारस मी बायबलात ऐकला होता, पातेल्यात पडताना तेव्हाच पाहिला. मी शिध्यातली मिरची टाकली. तिने चाखून कपाळावर हात मारला, पण जेवली.

सकाळी चढवलेलं पातेलं दुपारी उतरलं. चार तास मी जाळ सांभाळत होतो. घरी मी दारातूनच ओरडायचो, "झालं का न्हाई अजून?" दया कधी उलट बोलली नाही. मला तिथे रडू आलं. मम्माने एक लाकूड आत सरकवलं.

तिथून हलेपर्यंत मटण मिळेल तेव्हा मी शिजवत राहिलो.

सेहेचाळीस साली पलटणीतून सुटून आलो. भिंगारला खोली घेतली, मोटारीवर नोकरी धरली. एका रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर सासूबाईंना आणि कृपाला जेवायला बोलावलं.

सासूबाई आधी चुलीपाशी गेल्या. "जावईबापू, शेजारनीकडून करून आनलं न्हाई ना?"

मी हात पुढे केले. बोटं मिरचीने लाल झाली होती.

त्यांनी दोनदा वाढून घेतलं. मग म्हणाल्या, "शिजलंय बरं. पन घर म्हंजी एका दिसाचं कालवन न्हाई."

कृपा आल्यापासून माझ्याशी बोलली नव्हती. एक घास खाऊन ती म्हणाली, "आजी, ह्यांनी कांदा भाजलाच न्हाई. आई आख्खा कांदा निखाऱ्यात घालायची. खोबरंबी भाजायची."

"मग सांग की त्यास्नी."

"सांगून न्हाई यायचं. दाखवावं लागंल."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चार दिस ऱ्हाती का मग हितं?"

"ऱ्हाते. पन कांदं ह्यांनी चिरायचं."

संध्याकाळच्या मोटारीने सासूबाई एकट्याच सोनईला गेल्या. चार दिवसांनी आल्या तेव्हा खोबरं जाळलं म्हणून कृपा मला बोलत होती. सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांच्या काखेत गाठोडं होतं. त्यात पोरीचे उरलेले कपडे होते आणि पाटी होती.