मेंढा परत आणला तवा

चैत्र निम्मा सरला होता आणि सकाळी नऊलाच माळ तव्यासारखा तापला होता. दादासोंनी काळा मेंढा लिंबाखाली आडवा पाडला. सून मायानं त्याची शिंगं धरली आणि दादासो त्याच्या मागल्या पायांमधली लोकर कातरायला लागले. आंडावर लोकर दाट राहिली की उन्हाळ्यात तिथं ऊब धरते आणि मेंढ्याचं बीज खराब होतं, हे त्यांना त्यांच्या बापानं दाखवलं होतं. म्हणून दर चैत्रात ती जागा ते स्वतः उतरवायचे. मेंढरांच्या गोष्टीत धनगराच्या घरात कुणी लाजत नाही. सासऱ्यासमोर सून शिंगं धरून बसते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

माणसाची गोष्ट निघाली की मात्र सगळ्यांची तोंडं शिवलेली.

दादासोंचा मुलगा मल्हार आणि माया यांच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. मायानं देव केले, उपास केले, म्हसवडला सिद्धनाथाला नवस केला. सांगलीच्या दवाखान्यात तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळ्या चांगल्या आल्या. डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, "आता नवऱ्याला पाठवा." मल्हार गेला नाही. दादासोही त्याला जा म्हणाले नाहीत. मेंढ्या वळून पाय थकत नव्हते तेवढे घरातली धुसफूस ऐकून ते थकले होते.

त्या दिवशी मल्हारला कारखान्याची सुट्टी होती. मल्हारच्या आईनं, सुलाबाईंनी, आपला भाऊ धोंडिराम याला म्हसवडहून मुद्दाम बोलावलं होतं. तो आला, पाणी प्याला आणि लिंबाच्या मुळीवर टेकला.

"दाजी, आज काय त्यो निकाल लावा."

"कशाचा?" दादासोंची कातर चालूच होती.

"कशाचा म्हंजे? पाच वर्सं झाली. आमची आक्का रडून रडून निम्मी झाली. हिला म्हायेरी धाडा, काय ती कागदं करा. आमच्या हितं एक पोरगी हाय. चार भावांत एकली. कामाला लय चांगली."

मायाच्या हातातली शिंगं हलली नाहीत. तिनं मान तेवढी खाली घातली. मल्हार सोप्यात मोबाईल बघत बसला होता. त्यानं वर पाहिलंच नाही.

"आवं, बोला की," सुलाबाई म्हणाल्या. "का तुमची वाचा बसली?"

दादासोंनी कातर मांडीवर ठेवली.

"धोंडिराम, ह्यो मेंढा वळखलास का?"

"न वळखाय काय झालं? गेल्या साली तुमच्याकनं न्हेला व्हता की. दोन म्हैनं वैरण खाऊन गेला, आन् एक मेंढी गाभण न्हाई!"

"मग काय केलंस?"

"काय करतोय! टेंपोत घातला आन् तुमच्या दारात आणून सोडला."

"आन् मेंढ्या? त्या इकून टाकल्यास?"

"मेंढ्या कशापायी इकू दाजी? मेंढ्या चांगल्या व्हत्या की! ह्या मेंढ्यातच…"

पुढचा शब्द धोंडिरामच्या तोंडातच राहिला. त्यानं पटका काढून डोकं खाजवलं.

"व्हय ना?" दादासो म्हणाले. "तवा मेंढा परत आणलास. हितं मातुर मेंढीच हाकलाय आलास."

"आबा," माया पहिल्यांदाच बोलली, "मी मेंढी न्हाई."

"न्हाईस पोरी. चुकलं माजं."

सुलाबाई उसळल्या. "मानसाची आन् जनावराची बरूबरी करताय व्हय? माजं पोरगं काय मुडदुशी हाय?"

मल्हारही उठून बाहेर आला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. "आबा, चारचौघांत काय बोलताय? मला काय झालंय? मी बापय गडी हाय."

"बस हितं," दादासो शांतपणे म्हणाले. "ह्यो मेंढाबी गडीच व्हता. टकरीला ह्याच्याफुडं कोन टिकत न्हवतं. मेंढ्यांच्या मागं दिसभर धावायचा. ताकदीला काय कमी न्हवती, पर बीजात जीव न्हवता. दोन्ही येगळ्या गोष्टी हायती रं. त्याला खुरकूत झाली व्हती, आठ दिस अंगात आग. तसाच म्या धोंडिरामला दिला. चूक माजी."

"मग औंदा कोकरं कशी झाली?" धोंडिरामनं विचारलं.

"सावलीला बांधला. हिरवा चारा घातला. कुठं पाठवला न्हाई. जुनं बीज जाऊन नवं तयार व्हायला दोन-अडीच म्हैनं लागत्यात, तेवढं थांबलो." ते मल्हारकडं वळले. "आन् तू रं? कुपवाडच्या कारखान्यात भट्टीफुडं रोज दहा तास हुबा. खाली ती आवळ पँट. जाता-येता तास तास फटफटीच्या तापल्या शीटवर. तोंडात गुटख्याची पुडी. मेंढ्याची लोकर उतरवतुया मी, आन् पोराचं पाच वर्सं बघितलं न्हाई."

चप्पल घालून मल्हार माळाकडं चालता झाला. धोंडिराम चहा न घेताच उठला. पोरीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

चार दिवस मल्हार घरात कुणाशी धड बोलला नाही. पाचव्या दिवशी पहाटे आंघोळ करून तो मायाला म्हणाला, "फाईल कुठं हाय गं?"

दादासो त्याच्यासंगं एस्टीनं सांगलीला गेले. दवाखान्याच्या बाकड्यावर बापलेक शेजारी बसले, दोघंही भिंतीकडं बघत. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. शुक्राणू कमी आहेत, आणि जे आहेत ते मंद चालतात. लहानपणी गालगुंड झाले होते का, ताप किती येतो, तंबाखू किती, काम कसलं, सगळं त्यांनी विचारून घेतलं.

"भट्टी सोडा, गुटखा सोडा, सैल कपडे घाला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. संपलेलं काही नाही. पण मी हमी देत नाही."

मल्हारनं कारखान्यात माल बांधायच्या खात्यात बदली मागून घेतली. पगार उतरला. पुडीवाचून त्याचं डोकं उठायचं, तेव्हा माया मूठभर शेंगदाणे पुढं करायची. तो आधी ओरडायचा, मग खायचा. सुलाबाईंनी नवसाचं नाव काढणं सोडलं. सुनेची माफी काही त्यांनी मागितली नाही, पण एका संध्याकाळी दुधावरची साय तिच्या ताटलीत वाढली.

वैशाखात दुपारी मल्हार बापाचा ढगळा लेंगा घालून लिंबाखाली आला. मेंढा तिथंच रवंथ करत बसला होता. माया पाण्याची घमेली भरत होती. लेंग्याकडं बघून ती पदराआड हसली. मल्हारनं डोळे वटारले, पण तोही थोडा हसला.

"आबा," तो म्हणाला, "तीन म्हैन्यानं बी न्हाईच झालं तर?"

माळावर फुफाटा उठून विरून गेला. मग दादासोंनी मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"धोंडिरामनं ह्यो परत आणला तवा खाटीक दारात आला व्हता. म्या दिला न्हाई. ह्यो नीट व्हईल का न्हाई, तवा मला तरी कुठं ठावं व्हतं?"

आणि त्यांनी सावलीत थोडं सरकून पोराला जागा करून दिली.