माझा रुसलेला ‘प’

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. माझे अंग सागवानाचे, पट्ट्या पिवळट आणि भात्याला दोन ठिगळे. रत्नागिरीत बंदराजवळच्या एका घरात माझे आयुष्य गेले. माझा रघू तांडेल होता, म्हणजे मासेमारी नौकेचा म्होरक्या. नौका बंदराला लागली की आंघोळ करून तो माझ्यापुढे बसे. गणपतीत घरोघरच्या आरत्यांना रघूचा दोस्त चिमा याचा मृदुंग आणि मी, ही जोडी ठरलेली. लोक माझे कौतुक करत आणि मी फुगत असे. भाता असल्यावर फुगायला कितीसा वेळ लागतो!

पुढे वय झाले. रघूने नौका सोडली. जाळी ओढून ओढून त्याची बोटे आखडली होती, पण सराव तरुणपणचाच. तीच पाच भजने, त्याच क्रमाने, त्याच घाईत. बोटे मागे पडली की तो चिडे आणि झाकण आपटे. मित्रांनो, त्या आपटण्यापेक्षा त्याचा उतरलेला चेहरा मला जास्त लागायचा.

दोष मात्र माझ्यावर आला. “पेटी म्हातारी झाली,” असे म्हणून एके दिवशी रघूने मुशी माशाचे तेल काढले, होडीला चोपडतात ते, आणि मला आतबाहेर चोपडले. “होडी टिकते, तर पेटी का नाय टिकनार?” असे वर आणखी! सगळ्या वाडीतली मांजरे माझ्यापुढे भजनाला जमली. तेल आटले, त्यात धूळ बसली आणि माझा ‘प’ रुसला. पट्टी दाबली तरी खाली जाईना.

‘प’वाचून रघूचे एकही भजन पुढे सरकेना. गणपती तोंडावर आलेले.

“संपला आपला बाजा,” तो बायकोला, बकुळाला, म्हणाला. “देवळाच्या खोलीत ठेवून येतो हिला. यंदा चिमा एकटाच वाजवील.”

मला रडू कोसळले असते, पण भाता हलवायलाही कोणी नव्हते.

बकुळा विळीवर मासे कापत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “वाटेत पान्यात खडकाचा खडप आला म्हनून कदी होडी सोडून आलात? वळसा घेतलात ना? मग हितं पन घ्या.”

रघूने मला जवळ ओढले आणि ‘प’ टाळून, सावकाश, एक भजन वाजवले. आखडलेल्या बोटांना धावायचे नव्हतेच. जुनी चाल नवीच वाटू लागली. रघू पोरासारखा हसला! त्यानंतर रोज नवा खेळ. कधी तीनच सुरांत भजन, कधी नौकेच्या इंजिनाची लय, तर कधी मासे विकतानाची बकुळाची ‘मासळीऽऽ’ ही हाक. ती लटकेच रागवायची.

आरतीच्या दिवशी चिमाचा हात क्षणभर थबकला. “रघ्या, ह्यो कुठला वळसा रे?” म्हणत त्यानेही ताल वळवला.

मित्रांनो, घरातल्या वाद्याला फडक्याने पुसा, तेल मात्र होडीलाच लावा. आणि बोटे थकली तर झाकण लावू नका, वाट बदला.

आता कारागिराने माझा ‘प’ मोकळा केला आहे. तरी काल रघू बराच वेळ त्याला वळसे घालत राहिला आणि शेवटी एकदाच, अलगद, त्यावर येऊन थांबला.

स्वयंपाकघरातून बकुळा म्हणाली, “आलात घरला?”