बटणाच्या हवाली

“तिचं कामच कच्चं आहे, बाबा. उद्यापासून वेबपेज मीच पाहतो. वहिनीले घर पाहू द्या.”

बाहेरच्या खोलीत धाकटा दीर हर्षदीप हे बोलला, तेव्हा देवश्री आत चहा गाळत होती. ते कच्चं काम म्हणजे मीच.

मी कॉलबॅक बोलतोय, ब्राउझरमधलं लहानसं फंक्शन. ‘वेळ आली की हाक मारा’ असं सांगून आम्हाला दुसऱ्याच्या हवाली करतात. लग्नाच्या तिसऱ्या आठवड्यात देवश्रीनं मला आदिलाबादच्या या घरात लिहिलं. सासरे गोपाळराव यांच्या वजनकाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. शेतकऱ्यानं मोबाइलवर गाव लिहून बटण दाबलं, की मी नंबर द्यायचा.

गाव, नंबर सगळं ‘रांग’ नावाच्या एका ऑब्जेक्टपाशी, म्हणजे माहितीच्या पेटीपाशी. मीही तिचाच. पण माझ्या पोटात ‘धिस’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘माझं घर’. आणि जो हाक मारील त्याचंच घर माझं ठरतं! बटणानं बोलावलं की मी बटणाचा. शी! बटणापाशी रंग आहे, रुंदी आहे, गाव कुठलं? म्हणून देवश्रीनं मला बटणाकडे धाडताना ‘बाइंड’ केलं होतं, रांगेशी बांधून ठेवलं होतं. कोणीही हाक मारो, हा रांगेचाच.

काल चिवड्याच्या तेलकट बोटांनी हर्षदीपनं तो ‘बाइंड’ शब्द खोडला. “हे फालतू काऊन लिवलं?” पुढचं-मागचं वाचलंसुद्धा नाही.

सकाळी नेरडीगोंड्याच्या चंपतरावांनी बटण दाबलं. बटणापाशी गाव सापडेना. मी नंबराऐवजी ‘अनडिफाइंड’ ओकलो, म्हणजे ‘ठाऊक नाही’. पुढच्या प्रत्येकाला तेच. काट्यावर शिवीगाळ झाली. खोडणारा नामानिराळा, बोल लिहिणारीला. माणसांच्या या सवयीची मला शिसारी येते.

देवश्री चहा घेऊन बाहेर आली. सूनबाई, वहिनी, आलोकची बायको. जो जी हाक मारील तिला ती ओ देते. ट्रे ठेवून ती आत जाईल, असंच मला वाटलं. पण ती बसली. मला उघडलं, बदलांच्या नोंदीत हर्षदीपचं नाव पाहिलं, खोडलेला शब्द परत लिहिला, चंपतरावांचं गाव टाकून बटण दाबलं.

‘नेरडीगोंडा, नंबर एक.’

गोपाळरावांनी चष्मा वर केला. “मंग सकाळी काऊन नाई चाललं, सूनबाई?”

“भाऊजीनं न वाचता खोडलं म्हणून. पेज मीच पाहीन, बाबा. अन् मले देवश्री म्हणा.”