नीरफणसाच्या पानांची गोधडी

आमची मिलियामामावशी आयुष्यात कधी एका जागी बसली नाही. होनोलुलूतलं बायकांचं मंडळ तिनं काढलं, आणि तेव्हापासून कुणाच्या घरी बाळंतीण अडली, कुणाकडची अळकुड्यांची पोई संपली, कुणाला पुरायला जागा मिळेना, की मावशीची घोडागाडी त्या दारात. जेवण उभ्या उभ्या. रात्रीसुद्धा व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची. गाव तिचं तोंड भरून कौतुक करी. गावाला काय, तिच्याबरोबर राहत होते मी.

मंडळात तिच्या जोडीला पहिल्या दिवसापासून लुकिया होती, तिची लहानपणची मैत्रीण. लुकियाच्या गालावर डाग उठला आणि सरकारी डॉक्टरनं तिला मोलोकाईला धाडायचं ठरवलं. आमच्याकडे कुष्ठाला ताटातुटीचा आजार म्हणतात. त्या बेटावर गेलेलं माणूस परत येत नाही.

मावशीनं तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली. पांढऱ्यावर हिरवी, नीरफणसाच्या पानांची. गाडीत, सभेत, मिळेल तिथं टाके घातले आणि वेळेत पुरीही केली. पण आमची एक रीत आहे. गोधडी कुणाला द्यायची, तर शिवणारीनं आधी स्वतः तिच्याखाली एक झोप काढायची. म्हणजे तिचा जीव तीत उतरतो. नाहीतर ते नुसतं कापड.

बोटीच्या दिवशी सकाळी मी विचारलं, "झोपलीस का?"

"पडले होते."

"पडणं वेगळं, झोपणं वेगळं."

"मला शिकवू नकोस, कपेका."

न्याहारीनंतर ती पुन्हा आडवी झाली, पायांत बूट तसेच. तेवढ्यात एक बाई आली, तिच्या मुलाचा पाय मोडला होता. मावशी गेली. परत येऊन डोळे मिटते न मिटते, तोच पाद्रीबाई सभेसाठी खुर्च्या मागायला हजर. मी दारातच सांगितलं, मावशी घरी नाही. आतून आवाज आला, "आहे मी घरी." माझं डोकंच फिरलं.

दुपारी गोधडी बगलेत मारून आम्ही धक्क्यावर गेलो. न्यायची माणसं कुंपणाच्या आत, सोडायला आलेली बाहेर, आणि सगळीकडे आकांत. लुकिया गळ्यात हार घालून गजांशी उभी होती. तिनं आधी गोधडी पाहिली, मग मावशीला.

"झोपलीस ना गं हिच्याखाली?"

हो म्हण, म्हणून मी मावशीला चिमटा काढला.

"नाही," मावशी म्हणाली.

लुकिया हसली. "वाटलंच मला. सगळ्या गावाचं केलंस, भवाने, आणि माझ्यासाठी डोळे मिटवेनात तुला?"

"मिटले की तू बोटीत चढताना दिसतेस. म्हणून मिटत नाही."

"मग आता झोप. बोटीला वेळ आहे. मी कुठं पळून जाणार?"

आणि मंडळाची अध्यक्षीण, रेशमी झगा घातलेली, भर धक्क्यावर फळ्यांवर आडवी झाली. मी तिच्या अंगावर गोधडी घातली. लुकिया गजांपलीकडे खाली बसली, गजांतून हात बाहेर काढून तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. पहारेकऱ्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. थोड्या वेळानं मावशी चक्क घोरायला लागली.

बोटीचा भोंगा झाला तरी तिला जाग नाही. मी हलवायला वाकले.

"खबरदार उठवलंस तर," लुकिया म्हणाली. "कधी नव्हे ती झोपलीय."

"ती मला जन्मात माफ करणार नाही."

"तुला ना? मग माझं काय जातंय?"

हे बोलताना ती रडत होती. मी हलक्या हातानं गोधडी ओढून घेतली आणि कुंपणावरून दिली. लुकियानं ती खांद्यांभोवती घट्ट लपेटली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

मावशी जागी झाली तेव्हा धक्का रिकामा झाला होता. तिचा हात गोधडी शोधत अंग चाचपत होता.

"गेली?"

"गेली."

"गोधडी?"

"नेली. तुझी ऊबसुद्धा गेली नव्हती तिच्यातून अजून."

ती समुद्राकडे बघत बसली. मंडळातली एक बाई निरोप घेऊन धावत आली, कुणाचं तरी घर पडलं होतं. मावशीनं ऐकलं, पण जागची हलली नाही.

"कपेका, खरं सांग. मी नुसती पडले नव्हते ना?"

"घोरत होतीस," मी म्हणाले, आणि मग मलाच रडू आवरेना.