डबीतल्या बिननावाच्या गोळ्या

घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधं कुठे असतात हो तुमच्याकडे? टीव्हीखालच्या खणात, फ्रिजवर, उशीखाली? "त्यांचं ते बघतात, आम्ही त्यात पडत नाही," असं उत्तर तयार असेल, तर जरा बसा. ही गोष्ट तुमच्याचसाठी आहे.

एक घड्याळजी होते. दुकान बंद करून घरी बसले, तरी दुकानातलं टेबल त्यांनी सोडलं नव्हतं. ते खिडकीपाशी आणून ठेवलं होतं आणि त्यावर काचेच्या झाकणाच्या चपट्या डब्या मांडलेल्या असत. पूर्वी त्यांत घड्याळांचे स्क्रू आणि काटे असायचे, आता गोळ्या असायच्या. औषधं घरात आली की म्हातारबुवा बसले कात्री घेऊन! पाकिटातून एकेक गोळी सोडवायची, रंग आणि आकार बघून डबीत टाकायची, आणि रिकामी पाकिटं केरात. गोळ्यांची नावंही त्या पाकिटांबरोबर केरात जात होती, पण ते ध्यानात घेतंय कोण? पाहुणे आले की मुलगा कौतुकानं सगळ्यांना टेबल दाखवायचा.

त्या टेबलाला हात लावायची मात्र कुणाची टाप नव्हती. सुनेनं एकदा नुसतं फडकं मारलं, तर घरात आठवडाभर अबोला होता. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला.

त्या महिन्यात औषधाच्या दुकानात नेहमीची साखरेची गोळी नव्हती. दुकानदारानं तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं आणि तसं सांगितलंही. जुनी गोळी गुलाबी होती, नवी पांढरी निघाली. रक्तदाबाची गोळी तर आधीपासूनच पांढरी, आणि साधारण तेवढीच. म्हातारबुवांनी दोन्ही एकाच डबीत ओतल्या. सून दारातून बघत होती. "बाबा, दोन वेगळ्या आहेत ना त्या?" एवढं तिच्या ओठांवर आलं होतं. पण कशाला उगीच, म्हणून तिनं ते गिळून टाकलं.

आता रोज सकाळी म्हातारबुवा त्या डबीतून दोन पांढऱ्या गोळ्या घ्यायचे. एक साखरेची, एक रक्तदाबाची, असा त्यांचा हिशेब. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात पकडलेली नजर होती त्यांची! दोन गोळ्यांतला फरक आपल्याला कळणार नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पण त्या नजरेवर आता मोतीबिंदूचा पडदा चढला होता, आणि ते कुणाला सांगायचं तर कमीपणा वाटत होता.

एके दिवशी सून दुपारच्या जेवणाला बोलवायला गेली, तर सासरे खुर्चीत वाकडे बसलेले. कपाळावर घाम, सदरा पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते. तिनं हाक मारली. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "दुकान उघडलं का?"

दुकान तर कधीच बंद झालं होतं! ती तशीच फोनकडे धावली आणि घरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी फारसं बोलू दिलं नाही. शुद्धीवर आहेत का? गिळता येतंय का? मग साखरेचं पाणी द्या, घोट घोट, आणि लगेच दवाखान्यात आणा. मग त्यांनी विचारलं, "सकाळी कोणती गोळी घेतली त्यांनी?"

"पांढरी," सून म्हणाली. "दोन."

"नाव?"

नाव कुठून आणणार? सुनेनं डबी उघडली. आत सगळ्या पांढऱ्याच. केराची टोपली तर कधीच रिकामी झाली होती. तिला रडू फुटलं, पण रडायला वेळ नव्हता. एका हातानं साखरेचं पाणी पाजत तिनं शेजाऱ्यांना हाक मारली, नवऱ्याला कळवलं, आणि सगळ्या डब्या पिशवीत भरल्या. ज्या टेबलावर फडकं मारायची चोरी होती, ते तिनं एका झटक्यात रिकामं केलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ती डबी कागदावर पालथी घातली आणि दिव्याखाली धरली. काही गोळ्यांच्या मधोमध बारीक रेघ होती, काहींच्या नव्हती. रेघवाली साखरेची, हे बाईंनी लगेच ओळखलं. रक्तातली साखर पार खाली गेली होती, म्हणजे आज पोटात गेलेल्या दोन्ही गोळ्या साखरेच्याच असणार. कधी दोन रक्तदाबाच्याही गेल्या असतील, कोण सांगणार? सलाइन लावल्यावर म्हातारबुवा सुनेला ओळखू लागले, तेव्हा तिनं सुटकेचा श्वास सोडला. पण बाईंनी घरी सोडायला साफ नकार दिला. ह्या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा घसरू शकते, असं त्या म्हणाल्या. आणि तसंच झालं. संध्याकाळी पुन्हा घाम सुटला, पुन्हा धावपळ झाली. सून दाराशी उभी राहून एकच गोष्ट मनात घोळवत होती. मी बघितलं होतं. मी बोलले असते तर!

दुसऱ्या दिवशी साखर जागेवर आली आणि मुलाचा राग उसळला. आजपासून सगळी औषधं कुलपात, किल्ली माझ्याकडे, मी देईन तेव्हाच घ्यायची, असं त्यानं बापाला खडसावलं. म्हातारबुवांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जेवणालाही नको म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मुलाला बाजूला सारलं आणि खाटेजवळ स्टूल ओढलं.

"आजोबा, दोन गिऱ्हाइकांची घड्याळं उघडलीत. दोन्हींचे स्क्रू दिसायला सारखे. एका डबीत टाकाल?"

"छे!" म्हातारबुवा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "ज्याचे त्याच्या डबीत. वर चिठ्ठी, गिऱ्हाइकाच्या नावाची."

"आणि हाताखालच्या माणसानं एकत्र केले तर?"

"कान धरून बाहेर काढीन."

 म्हातारबुवा हळूहळू इकडे वळले. त्यांनी सुनेच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. लोकांच्या घड्याळांची एवढी काळजी घेतली मी, आणि स्वतःच्या जिवाची नाही, असं ते पुटपुटले.

"तुमचा हात अजून नीटनेटका आहे, म्हणून कुलूप नको," बाई म्हणाल्या. "पण गोळी पाकिटातून काढायची ती घेण्याच्या वेळेलाच. रंग बदलला, आकार बदलला, तर विचारल्याशिवाय तोंडात टाकायची नाही. आणि तुम्ही हो सूनबाई, तुम्ही बघून गप्प बसलात. त्याला आदर म्हणत नाहीत."

सुनेनं मान खाली घातली. मुलाची मानही आपोआप खाली गेली. कौतुकानं टेबल दाखवणारा तोच होता ना!

आता त्या टेबलावर सकाळचा एक आणि रात्रीचा एक असे दोन डबे असतात. गोळ्या आपापल्या पाकिटात, आणि वर म्हातारबुवांनी स्वतः जाड अक्षरात लिहिलेल्या चिठ्ठ्या. नवं औषध आलं की ते सुनेला हाक मारतात. दोघं मिळून नाव वाचतात, मुदत बघतात, जुनं उरलेलं बाजूला काढून त्याचं काय करायचं ते दुकानदाराला विचारतात. मोतीबिंदूचं ऑपरेशनही ठरलं आहे.

परवा मुलगा डोकं धरून कामावरून आला आणि पाण्याचा पेला घेऊन त्यानं खिशातून एक सुटी गोळी काढली. म्हातारबुवांनी त्याचं मनगट पकडलं.

"नाव काय हिचं?"

डोकेदुखीची आहे, हपिसातल्या एकानं दिली, असं मुलगा सांगू लागला.

"कशाची ते नाही विचारलं. नाव विचारलं."

मुलानं तळहातावरच्या गोळीकडे बघितलं. ती पांढरी होती. त्यानं ती टाकून दिली आणि बापाशेजारी खुर्ची ओढून बसला.

मंडळी, नाव माहीत नसलेल्या माणसाला आपण घरात घेत नाही, मग गोळी पोटात कशी घेतो? मोठ्यांचा मान त्यांच्या टेबलाला हात न लावण्यात नाही, त्यांच्याशेजारी बसून ते टेबल एकदा नीट बघण्यात आहे. आज घरी गेलात की तो खण उघडा. एकट्यानं नको, त्यांना बरोबर घेऊन उघडा.