उसन्या कुंड्या

पंडान गल्लीच्या कमानीवर पितळी पाटी लागली, तेव्हापासून बू सुहार्तींनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाणं जवळजवळ सोडलं होतं. त्या टोकाला नाला होता, नाल्यावर दोन माणसं जेमतेम शेजारून जातील असा पूल, आणि पुलापलीकडे गायाम गल्ली. पाटीवर लिहिलं होतं, 'शहरातली सर्वांत हिरवी गल्ली'. ती सगळी हिरवाई पुलापलीकडची होती, एवढंच पाटीवर लिहायचं राहून गेलं होतं.

झालं होतं असं. जावा बेटावरच्या सुरबाया शहराच्या पालिकेने नेहमीप्रमाणे गल्ल्यांची स्पर्धा लावली आणि पंडान गल्लीच्या प्रमुख म्हणून सुहार्तींनी पदर खोचला. बाईंचा उरक दांडगा. रविवारी श्रमदानाला कुणी अंगदुखीचं सोंग आणलं तर बाई मलमाची डबी घेऊन त्याच्या दारात हजर. गटारं घासून झाली, ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा झाला, भिंतींवर फुलपाखरं आली. झाडं मात्र नव्हती. पंडान गल्लीतल्या लोकांना मोटरसायकल लावायला जागा पुरत नव्हती, तिथे कुंड्यांना कोण विचारतो! आणि परीक्षक तर कोणत्याही दिवशी, न सांगता टपकणार होते. झाडं काही बाईंच्या धाकाने रातोरात उगवणार नव्हती.

तेव्हा बाई पूल ओलांडून यू गिनेमकडे गेल्या. बू ही मानाने कुठल्याही बाईला मारायची हाक; गिनेम वयाने मोठी, म्हणून सगळे तिला यू म्हणजे थोरली ताई म्हणत. पाठीवर बाटल्यांची टोपली बांधून ती दारोदार जामू विकायची. हळद, आलं आणि चिंचेचा तो काढा प्यायल्याशिवाय अर्ध्या वस्तीचा दिवस सुरू होत नसे. काढ्याला लागणारं सगळं ती दारातच लावायची. तिचं पाहून गायाम गल्लीत सगळ्यांनीच रंगाच्या रिकाम्या डब्यांत हळद, आंबेहळद, गवती चहा असं काय काय लावलं होतं. स्पर्धेबिर्धेशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सुहार्ती म्हणाल्या, परीक्षक गेले की त्याच संध्याकाळी सगळं परत आणून देईन.

"न्या की," गिनेम म्हणाली. "ऊन काय, पुलाच्या इकडे तेच आणि तिकडे तेच."

आणि नुसतं 'न्या' म्हणून ती थांबली नाही. गायाम गल्लीतले बाप्ये आणि बाया स्वतः डबे उचलून पुलावरून घेऊन आले, वरातीला निघाल्यासारखे एकमेकांची थट्टा करत. पंडान गल्लीने काय केलं, तर सगळे डबे एकसारखे दिसावेत म्हणून त्यांना पिवळा रंग फासला. ही कल्पना कुणाची, यावर पुढे कुणी तोंड उघडलं नाही. ती बाईंचीच होती.

परीक्षक येऊन गेले, पण निकाल लागेपर्यंत असू देत म्हणून कुंड्या तिथेच राहिल्या. गल्ली पहिली आली. कमानीखाली मांडव पडला, पिवळ्या भाताचा डोंगर रचला गेला. रांधायला हात कमी पडत होते म्हणून गायाम गल्लीच्या बायका न बोलावता आल्या, चुलीपाशी राबल्या आणि शेवटच्या पंगतीला जेवल्या. बाईंना बोलायला उभं केलं. घरून निघताना त्यांनी शेजाऱ्यांचे आभार मानायचं पक्कं ठरवलं होतं. पण समोर पालिकेचे साहेब, टाळ्या, हातात माइक. आणि तोंडातून गेलं ते भलतंच: "यातली एकेक कुंडी आमच्या घराघरांनी लेकरासारखी वाढवलीय." बाईंनी चोरून मागे पाहिलं. गिनेम टाळ्या वाजवत होती. हात ओले होते म्हणून तिच्या टाळीचा आवाज वेगळा येत होता. बाईंचे कान तापले, पण भाषण त्यांनी पुरं केलं.

त्या संध्याकाळीही कुंड्या परत गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रवाले यायचे होते. मग कुठल्याशा गावाहून पाहुणे गल्ली बघायला आले. मग आणखी कुठले. पाहुणे येऊन गेले की देऊ, बाई स्वतःला सांगत राहिल्या, आणि पाहुणे काही संपेनात.

गिनेम मधूनमधून येई. ओटीवर बसे, गुडघे चोळे, पावसापाण्याचं बोले, जाताना एखाद्या डब्यातलं पिकलं पान खुडून टाके आणि "निघते, बू" म्हणून चालू लागे. कुंड्यांचा विषय तिने एकदाही काढला नाही. कशी काढणार? दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे घेणाऱ्याला लबाड म्हणायचं. तोंडावर माणसाला लबाड म्हणण्यापेक्षा वस्तू गेलेली पत्करली, असा जावातल्या माणसांचा स्वभाव. मागणाराच लाजेने अर्धा होतो. सुहार्ती त्याच मातीतल्या. गिनेम कशासाठी येते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि ती मागणार नाही हेही. म्हणून तर त्या तिच्या चहात साखर जरा जास्तच घालत.

नवरा, तारमुजी, निवृत्त माणूस. दिवसभर खुर्चीत बसून बायकोला टोचायला मोकळा.

"हळद छान फोफावलीय हो तुमची," एकदा तो म्हणाला. "गिनेमला म्हणे हल्ली बाजारातून आणावी लागते. काढ्याला पूर्वीची चव नाही, असं गिऱ्हाईक म्हणतं."

"देणारच आहे मी परत," बाई तोडून म्हणाल्या.

"मी कुठे काय म्हटलं? मी हळदीचं बोललो."

बाई त्या दिवशी त्याच्याशी बोलल्या नाहीत. राग त्याच्यावर नव्हता, हे दोघांनाही कळत होतं.

यंदा पालिकेने नवं काढलं. जिंकलेल्या गल्लीने शेजारची एक गल्ली हाताशी धरायची, तिला शिकवायचं, आणि परीक्षकांबरोबर स्वतः हिंडायचं. कल्पना चांगलीच होती. कुणाच्या नशिबी ती कशी येईल, ते पालिकेला काय माहीत! सुहार्तींच्या नावाचं पत्र आलं. त्यांच्या वाट्याला गायाम गल्ली होती, आणि गायाम गल्लीने यंदा आपणहून भाग घेतला होता. तुमचं कौतुक पाहून आम्हालाही हुरूप आला, असं गिनेम कुणाला तरी म्हणाली होती.

बाईंनी तेव्हा तरी कुंड्या पोचवायच्या. पण पंडान गल्लीतली मंडळी अडून बसली. यंदा पाटी गेली तर नाक कुठे राहील, म्हणाली. आणि खरं सांगायचं तर बाईंनी फारसा जोर केलाच नाही.

परीक्षक आले ते टळटळीत दुपारी. पालिकेच्या एक हसतमुख बाई, एक छायाचित्रकार, आणि छातीवर बिल्ला लावलेल्या सुहार्ती. गायाम गल्ली अशी झाडली होती की चप्पल घालून चालायला संकोच वाटावा. गटारात पाणी दिसत होतं, तळ दिसत होता. भिंतींच्या कडेला मात्र कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांत बोटभर रोपं, नुकतीच लावलेली, उन्हाने माना टाकलेली. बाकी भिंती उघड्या. कुठे काय ठेवलेलं असायचं, ते सुहार्तींना डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

पालिकेच्या बाई बोलायला गोड होत्या. सफाईची तारीफ केली, आणि मग म्हणाल्या, "पण हिरवळ कुठाय? पुलापलीकडे एवढं चांगलं उदाहरण असताना?"

सगळी गल्ली गिनेमकडे बघू लागली. गिनेम जमिनीकडे बघत होती.

"आम्हीच आळशी, बू," ती म्हणाली. "आता शिकू बू सुहार्तींकडून."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सुहार्तींनी तो झेलला असता, फणकारा तरी केला असता. ती त्यांची अब्रू राखत होती, आपल्या गल्लीचे गुण घालवून. सुहार्तींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"ती झाडं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडची झाडं, ती खरं तर यांचीच. आम्ही नुसती सांभाळली."

त्यांनी मोठ्या हिमतीने सांगितलं, पण सांगितलं ते रीतीभातीच्या भाषेत, आणि तिथेच घात झाला. त्या भाषेत जिंकलेला प्रत्येकजण हेच म्हणतो: माझं काय आहे, सगळं शेजाऱ्यांचं. पालिकेच्या बाईंनी कौतुकाने हात जोडले. एवढं यश मिळूनही पाय जमिनीवर, म्हणाल्या. गायाम गल्लीने टाळ्या वाजवल्या. गिनेमने सगळ्यांच्या आधी.

सुहार्ती वळल्या आणि तरातरा पूल ओलांडून गेल्या. बोलून होत नसेल तर करून दाखवू, एवढंच डोक्यात होतं. कमानीकडून तारमुजी काहीतरी विचारत होता, त्याला उत्तर न देता त्यांनी हळदीचा सगळ्यांत मोठा डबा उचलला. जड होता. माती अंगावर सांडली, बिल्ला वाकडा झाला. डबा तसाच छातीशी धरून त्या परत आल्या आणि गिनेमच्या पुढे उभ्या राहिल्या.

"अरे वा," पालिकेच्या बाई म्हणाल्या. "विजेत्या गल्लीची भेट. याचा फोटो घ्या, हेच तर आम्हाला शहरभर दाखवायचंय."

"भेट नाही," सुहार्ती म्हणाल्या. "हे परत..."

"मातुर नुवुन, बू," गिनेमने आभार मानले, घाईघाईने, त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत. ती वाकली आणि तिने दोन्ही हातांनी डबा घेतला. डबा हातात आल्यावर तिचा अंगठा आपोआप मातीत गेला, ओल बघायला. डोकं जवळ आलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "राहू द्या, बू. लोक बघताहेत."

छायाचित्रकाराने दोघींना जवळ उभं केलं. पालिकेच्या बाईंनी गिनेमच्या पाठीवर हात ठेवला. नुसतं घेऊ नका, म्हणाल्या, काय विचारायचं ते आत्ता विचारून घ्या, बू सुहार्ती सांगतील. गिनेम गोंधळली. काहीतरी विचारायला हवं होतं, नाही तर सुहार्तींचा मान राहिला नसता.

"याला पाणी किती घालायचं, बू?" तिने विचारलं.

सगळे ऐकायला पुढे सरकले. खरं सांगायला अजून वेळ होता. गिनेम मान वर करून थांबली होती, हळदीचं एक पान तिच्या गालाला लागत होतं.

"रोज सकाळी," सुहार्ती म्हणाल्या. "थोडंच."

गिनेमने मान डोलावली, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकांनीही.